क्लॅम्पची वायर का पुरत नव्हती : केमिकल कारखान्यात माणसाच्या सवयी धरून सुरक्षा कशी उभी करावी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका मध्यम आकाराच्या केमिकल कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. पहिल्याच महिन्यात एका गोष्टीवरून तीन मेमो निघाले. ड्रममधून रिअॅक्टरमध्ये (रासायनिक अभिक्रिया होते त्या टाकीत) टोल्युइन हे सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, चार्ज करताना, म्हणजे भरताना, ऑपरेटर अर्थिंगचा (साठलेली वीज जमिनीत सोडणारा) क्लॅम्प लावत नव्हते. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट साधारण ४ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या हवेत त्याची वाफ बारा महिने पेट घ्यायला तयार. शिवाय ते विजेचं वाईट वाहक. पाइपातून वाहताना त्यात स्थिर वीज साठते आणि तिला जायला वाट नसली की ठिणगी पडते. हे सगळं ऑपरेटरांना तोंडपाठ होतं. तरी क्लॅम्प खुंटीला लटकलेलाच.

चौथा मेमो लिहायच्या आधी मी सेकंड शिफ्टला जाऊन नुसता उभा राहिलो. फोर्कलिफ्टचा रस्ता मोकळा ठेवायचा म्हणून ड्रम खांबाच्या पलीकडे उतरवले जात होते आणि क्लॅम्पची वायर तिथवर पोचत नव्हती. हातभर कमी पडत होती. कागदातल्या पद्धतीने जायचं तर प्रत्येक ड्रम तिरका करून फिरवत खांबाच्या अलीकडे आणायचा, आणि एका बॅचला अकरा ड्रम. "साहेब, आम्ही तीन वेळा सांगितलं होतं," तिथले सर्वांत जुने ऑपरेटर काका म्हणाले. वायर बदलायला एक दुपार लागली. त्यानंतर त्या विषयावर मेमो काढायची वेळ आली नाही.

हा लेख शिफ्ट इनचार्ज, सुरक्षा अधिकारी आणि महापे, रबाळे, पावणे, तळोजा किंवा वागळे इस्टेटमध्ये छोटा कारखाना चालवणाऱ्या मालकांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच, की फाइलीतलं काम आणि फ्लोअरवरचं काम यांत नेहमी अंतर असतं, अपघात त्या अंतरात होतात, आणि ते अंतर नेमकं कुठे आहे हे फक्त काम करणाऱ्यालाच माहीत असतं. ते त्याच्याकडून कळेल अशी व्यवस्था लावणं हे आपलं काम.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू

"बहुतेक अपघात कामगाराच्या चुकीमुळे होतात" हे वाक्य तुम्ही प्रत्येक प्रशिक्षणात ऐकलं असेल. त्याचं मूळ अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांच्यापर्यंत जातं. १९३१ साली त्यांनी ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात असं मांडलं. हा आकडा विम्याचे दावे आणि कारखान्यांचे अहवाल यांवरून काढला होता. अपघाताचा अहवाल कोण लिहितं? सुपरवायझर किंवा मालक. "कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहिलं की चौकशी तिथेच संपते, आणि यंत्र, वायर, वेळापत्रक, दुरुस्तीचं बजेट यांतलं काहीच बदलावं लागत नाही. कामगार चुकत नाही असं मला म्हणायचं नाही. तो चुकतो, मीही चुकलो आहे. चूक सापडली की तिथून चौकशी सुरू करायची, एवढा फरक मला हवा आहे.

पायरी १ : एकच काम निवडा

अख्ख्या कारखान्याची "सुरक्षा संस्कृती" बदलायला निघालात तर सहा महिन्यांनी हातात पोस्टर राहतील. एक काम घ्या. निवडताना स्वतःला विचारा, हे बिघडलं तर नुकसान एका माणसाच्या बोटापुरतं राहील की कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जाईल? सॉल्व्हंट चार्जिंग, टँकर रिकामा करणं, लाइन (पाइप) उघडणं, व्हेसलमध्ये (बंद टाकीत) उतरणं, वेल्डिंग, सेंट्रीफ्यूज रिकामं करणं ही कामं आधी. आपल्या जिल्ह्यात डोंबिवलीने २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन स्फोट पाहिले. दोन्ही वेळा मैल-दीड मैलावरच्या घरांच्या काचा फुटल्या. ज्या कामात एवढी ऊर्जा कोंडलेली आहे, ते काम जिन्यावरच्या घसरण्याच्या आधी बघायचं.

पायरी २ : काम बघा, आणि वेळ बदलून बघा

तेच काम किमान तीनदा बघा. एकदा दिवसा, एकदा शिफ्टच्या शेवटच्या तासात, एकदा पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान. पहाटेचं बघणं टाळू नका. शरीराचं घड्याळ तेव्हा तळाला असतं. थ्री माइल आयलंडची अणुभट्टी २८ मार्च १९७९ ला पहाटे चारच्या सुमारास बिघडली, चेर्नोबिल २६ एप्रिल १९८६ ला रात्री दीडच्या आसपास फुटलं, भोपाळची वायुगळतीही मध्यरात्रीनंतरची. आपल्याकडे भर पडते ती डबल ड्यूटीची. सलग १७ तास जागा असलेला माणूस साधारण रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. रिलिव्हर आला नाही म्हणून थांबवलेला ऑपरेटर १६ तास काम करतो, आणि घरून निघाल्यापासूनचे तास त्यात धरलेले नसतात. गेटवर कोणी दारू पिऊन आला तर आपण त्याला परत पाठवतो. डबल ड्यूटीवाल्याला निदान चार्जिंगवर आणि व्हेसलवर ठेवू नका.

बघायला जाताना चेकलिस्ट आणि पॅड घेऊन जाऊ नका. पॅड दिसलं की हेल्मेटचे पट्टे लागतात आणि काम नाटकातल्यासारखं होतं. हात मागे बांधून उभे राहा, मग विचारा. "तू असं का करत नाहीस?" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. माझ्या उपयोगाला आलेले प्रश्न असे: नवीन पोराला हे काम शिकवताना काय सांगता? कुठे अडतं? आज कागदाप्रमाणे केलं तर किती वेळ जास्त लागेल? मागच्या वेळी कधी पोटात गोळा आला होता? शेवटच्या प्रश्नानंतर गप्प बसा. बराच वेळ कोणी बोलत नाही, तो वेळ जाऊ द्या.

पायरी ३ : चूक कोणत्या जातीची ते ओळखा, मगच औषध द्या

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी केलेली वर्गवारी फ्लोअरवर फार उपयोगी पडते. हात चुकतो, विसर पडतो, समज चुकते, किंवा नियम माहीत असून मोडला जातो. या चारही गोष्टींवर आपण एकच औषध देतो, पुन्हा प्रशिक्षण. ते फक्त तिसऱ्याला थोडंफार लागू पडतं.

हात चुकणं बहुधा अनुभवी माणसाकडून होतं, कारण त्याचे हात डोक्याला न विचारता चालतात. शेजारी शेजारी दोन सारखे व्हॉल्व्ह, एक अॅसिडचा आणि एक पाण्याचा, आणि वीस वर्षांचा अनुभवी ऑपरेटर चुकीचा उघडतो. त्याला वर्गात बसवून काय शिकवणार? हँडलचा आकार बदला, रंग बदला. टँकर उतरवण्याच्या होजची कपलिंग अशी घ्या की अॅसिडची होज दुसऱ्या लाइनला बसतच नाही.

विसरण्याचं ठळक उदाहरण म्हणजे देखभालीसाठी लाइनमध्ये टाकलेला ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) तसाच राहून जाणं. "लक्षात ठेवा" या सूचनेचा उपयोग नाही. कंट्रोल रूममध्ये फळा लावा, प्रत्येक ब्लाइंडला क्रमांक द्या, किती टाकले आणि किती काढले हे सुरू करण्यापूर्वी मोजा.

समज चुकणं सर्वांत घातक, म्हणून इथे जरा थांबतो. समजा उष्णता सोडणारी अभिक्रिया चालू आहे आणि वरून हळूहळू एक द्रव्य सोडलं जातंय. मध्येच वीज जाते, स्टरर (ढवळणारं यंत्र) थांबतो, पण सोडणं चालूच राहतं. मिसळत नसल्यामुळे अभिक्रिया होत नाही, तापमान चढत नाही, काट्यावर सगळं शांत दिसतं. ऑपरेटरला वाटतं, बॅच सुस्त आहे. पाच-दहा मिनिटांनी त्याला स्टरर बंद असल्याचं दिसतं आणि तो अगदी चांगल्या हेतूने बटण दाबतो. साठलेलं सगळं द्रव्य एका दमात मिसळतं, आणि जी उष्णता दोन तासांत निघायची ती काही क्षणांत बाहेर पडते. रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधलं थंड पाणी तेवढी ओढून घेऊ शकत नाही. त्या माणसाने बेफिकिरी केली का? नाही, त्याने बंद पडलेलं यंत्र सुरू केलं, जे त्याला रोज शिकवलं जातं. इथे दोन गोष्टी कराव्या लागतात. स्टरर थांबला की द्रव्य सोडणं आपोआप थांबेल असा इंटरलॉक, आणि रिअॅक्टरच्या अंगावर मोठ्या मराठी-हिंदी अक्षरांत, "स्टरर बंद पडला तर स्वतः सुरू करू नका. फीड बंद करा, कूलिंग चालू ठेवा, केमिस्टला बोलवा." आणि असं का, ते ऑपरेटरला वरच्यासारखं गोष्टीतून सांगा. कारण कळलं की रात्रीही आठवतं.

चौथी जात, नियम मोडण्याची. सगळेच एखादा नियम मोडत असतील तर तो नियम पाळणं अवघड आहे, असं आधी गृहीत धरा. क्लॅम्पची वायर ही तीच गोष्ट.

उपाय निवडताना क्रम ठेवा: धोकाच काढता येतो का, कमी घातक द्रव्य चालतं का, यंत्रात बदल करता येतो का, त्यानंतर कार्यपद्धती, आणि शेवटी हातमोजे-गॉगल. आपल्याकडे हातमोज्यांपासून सुरुवात होऊन बहुतेक वेळा तिथेच संपते.

पायरी ४ : बायपासची वही

एका ठिकाणी टाकीच्या हाय लेव्हल अलार्मच्या बझरवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली मला सापडली. सेन्सर बिघडून तो दिवसभर कोकलायचा, म्हणून कोणीतरी आवाज दाबला. ते सहा आठवड्यांपूर्वीचं. तोवर टेप हा टाकीचाच भाग झाला होता, कोणाला खटकतच नव्हती. एकदा काही झालं नाही, दुसऱ्यांदा झालं नाही, की मोडलेलं तेच साधं वाटू लागतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी २८ जानेवारी १९८६ च्या चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत हीच सवय दाखवून दिली. भोपाळमध्ये त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारी फ्लेअर दुरुस्तीसाठी तोडलेली होती. सगळं एकाच दिवशी बंद पडलं नव्हतं. एकेक करून बंद झालं आणि कारखाना त्याला सरावला.

म्हणून एक साधी वही ठेवा. कोणताही इंटरलॉक, अलार्म, गॅस डिटेक्टर, स्क्रबर (वायू धुऊन काढणारं यंत्र) बाजूला ठेवायचा, म्हणजे बायपास करायचा, तर त्यात पाच गोष्टी लिहायच्या: काय, का, कोणी सांगितलं, तोपर्यंत त्याऐवजी कोण लक्ष ठेवणार, आणि कधीपर्यंत. परवानगी त्या शिफ्टपुरतीच. पुढच्या शिफ्टला चालू ठेवायचं तर पुन्हा सही, आणि तिसऱ्या शिफ्टला सही फक्त प्लांट मॅनेजरची. त्याला रात्री फोन करावा लागला की दुरुस्ती फार दिवस रेंगाळत नाही, असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात ओल जाऊन खोटे अलार्म वाढतात, त्यामुळे जूनच्या आधी जंक्शन बॉक्सच्या गास्केट बदलून घ्या.

पायरी ५ : शिफ्ट बदलताना आणि परमिट देताना

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ ला १६७ माणसं गेली. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. शिफ्ट बदलली, ती गोष्ट नव्या पाळीला कळली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी पहिला सुरू केला. परमिट (कामाची लेखी परवानगी) लिहिलेलं होतं, पण ज्याला हवं त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

आता आपल्या गेटवर बघा. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या आधीच कंपनीची बस उभी असते. बस चुकली तर पुढे रिक्षा, मग लोकल. म्हणून हँडओव्हर कपडे बदलायच्या खोलीत होतं, "सगळं ओके आहे रे" एवढ्यात. एका ठिकाणी आम्ही बसची वेळ वीस मिनिटं पुढे नेली, त्या वीस मिनिटांचे पैसे धरले, आणि हँडओव्हर रिअॅक्टरसमोर उभं राहून करायचा ठरवला. लॉगबुक एकत्र वाचायची, उघडी परमिटं आणि बायपासची वही दाखवायची, आणि येणाऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. वर्षभरात त्या कारखान्यात याहून स्वस्त आणि उपयोगी दुसरं काही झालं नाही.

परमिट इंग्रजीत, टूलबॉक्स टॉक (काम सुरू करण्याआधीची सुरक्षेची सूचना) मराठीत, आणि काम करणारा हेल्पर उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशाचा, हे चित्र ठाणे-नवी मुंबईत रोजचं आहे. सही झाली म्हणजे समजलं असं नाही. त्याच्या भाषेत बोला आणि "समझा?" न विचारता "भैया, अब तुम बताओ, पहले क्या करोगे?" असं विचारा. तो गोंधळला तर त्याचा दोष नाही, आपलं सांगणं अपुरं पडलं.

मे महिन्यात छपराचे सिमेंट पत्रे बदलायला नाक्यावरून माणसं आणली जातात. पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, वरून मात्र तो भक्कम दिसतो. फळ्या, जाळी आणि दोरी आधी, माणूस नंतर. कंत्राटदाराचं बिल पास करणाऱ्याने हे स्वतः बघायचं.

व्हेसलमध्ये उतरण्याबद्दल दोन शब्द जास्त. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही, आणि मोजमाप वर, मधे, तळाला असं तीन ठिकाणी. नाकावर भरवसा नको. नायट्रोजनला वासच नसतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर करून टाकतो, त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. अशा अपघातांत मरणाऱ्यांमध्ये वाचवायला आत उडी घेतलेल्यांची संख्या फार मोठी असते. हा बेशिस्तपणा नव्हे, ही माया आहे. आपल्याकडच्या कंत्राटी टोळ्या एकाच गावच्या असतात. मॅनहोलवर उभा असलेला आतल्याचा भाऊ, मेहुणा किंवा शेजारी असतो. तो थांबेल अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. म्हणून मॅनहोलवर नात्यातला माणूस ठेवू नका. ट्रायपॉड, दोरी आणि हार्नेस माणूस उतरण्याच्या आधी लावलेले हवेत, म्हणजे बाहेरून ओढता येईल. आणि बाहेरच्याला तोंडावर सांगा, "आत कोणी पडलं तर तू आत जायचं नाहीस. ओरडायचं, दोरी ओढायची. तेवढ्यानेच तो वाचेल."

पायरी ६ : ऐकून घ्या, आणि उत्तर द्या

"नियर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) कळवा" अशी पेटी लावली जाते, आणि तिच्यात तीन महिन्यांनी धूळ निघते. पहिल्या चिठ्ठीचं काय झालं हे सगळा फ्लोअर बघत असतो. दोन दिवसांत उत्तर फळ्यावर लावा: काय कळलं, काय करतोय, कधीपर्यंत. जमत नसेल तर का जमत नाही तेही लिहा. क्लॅम्पबद्दल तीन वेळा सांगून कोणी हललं नव्हतं, म्हणूनच काकांनी चौथ्यांदा सांगितलं नाही. दर महिन्याला प्रत्येकाने दोन नियर मिस दिलेच पाहिजेत असा कोटाही ठेवू नका, नाहीतर "रस्त्यात केळीची साल होती" छापाच्या चिठ्ठ्या येतात.

गेटवरच्या "अपघाताविना इतके दिवस" या फलकाबद्दल माझं मत कडक आहे. त्यावर बक्षीस किंवा बोनस लावू नका. एका मुलाच्या मनगटावर अॅसिडने भाजलं होतं आणि तो लांब बाह्यांचा शर्ट घालून आठवडाभर कामाला येत होता, कारण त्याच्यामुळे डिपार्टमेंटचं बक्षीस गेलं असतं. फलकाने त्याचा दवाखाना हिरावला. शिवाय हा आकडा मोठ्या धोक्याबद्दल काहीच सांगत नाही. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन फलाट फुटून ११ जण गेले. त्याच दिवशी वरिष्ठ अधिकारी फलाटावर होते, आणि वेळेचं नुकसान करणाऱ्या दुखापतीशिवाय गेलेल्या सात वर्षांबद्दल तिथे कौतुक चाललं होतं. त्याऐवजी मोजा: बायपासच्या वहीतल्या उघड्या नोंदी, लांबलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या चाचण्या, उत्तर दिलेल्या चिठ्ठ्या.

काम थांबवण्याच्या हक्काचंही तसंच. भोपाळनंतर १९८७ साली तेव्हाच्या कारखाने अधिनियमात नवं प्रकरण आलं. त्यातल्या कलम ४१-जी ने धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आणली, आणि ४१-एच ने जिवाला तातडीचा धोका वाटला तर तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला दिला. पण प्रत्यक्षात हक्क ठरतो तो इनचार्जच्या पहिल्या वाक्यावर. कोणी बॅच थांबवली आणि धोका नव्हता असं निघालं, तर "थांबवलंस ते बरं केलंस" एवढंच बोला, आणि चार लोकांसमोर बोला.

पायरी ७ : काही घडलंच तर

पहिल्या दिवशी "कोणी केलं" हा प्रश्न बाजूला ठेवा. त्या जागी, त्या वेळी, तेवढ्याच माहितीवर दुसरा चांगला ऑपरेटर असता तर त्याने काय केलं असतं, हे त्याच शिफ्टच्या तिघा-चौघांना वेगवेगळं विचारा. तेही तसंच वागले असते तर त्या एकाला काढून काही साधणार नाही, उद्या त्या जागी उभा राहणारा तेच करेल. दारू पिऊन आलेला, जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा किंवा नोंद खोटी करणारा वेगळा, त्याच्यावर कारवाई व्हावी. आणि नोंद खोटी करायला वरून सांगितलं असेल तर कारवाईही वरपर्यंत जावी.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, तिचं मुख्यालय आपल्या बेलापूरलाच आहे, आणि त्या तारखेला दरवर्षी सगळीकडे शपथ होते. शपथ घ्याच. त्याच आठवड्यात प्लांट मॅनेजरला एका रात्री पहाटे तीन वाजता फ्लोअरवर आणा, पॅडशिवाय.

पायरी ८ : परत जा

सुधारणा झाली की आपण पुढच्या कामाकडे वळतो. तीन महिन्यांनी परत जाऊन तेच काम पुन्हा बघा. क्लॅम्पच्या त्या जागी मी जुलैत गेलो. शेडच्या त्या कोपऱ्यात पावसाचं पाणी गळत होतं, म्हणून ड्रम आणखी पलीकडे सरकवले होते, आणि नवी वायरही तिथवर पोचत नव्हती. या वेळी काकांनी मी विचारायच्या आधीच हाक मारली. आम्ही दोघांनी टेप लावून अंतर मोजलं, दुसऱ्या खांबावर दुसरा क्लॅम्प बसवून घेतला, आणि छपराच्या गळतीची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून फळ्यावर लावली.